चिकटपट्टीचा आवाज

ही ऐकीव गोष्ट नाही. कुणाच्या मावसबहिणीची नाही. माझ्या बाबतीत घडली आहे.

मी फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलं आहे. तेव्हा एका कारखान्यात यंत्रांचा आवाज मोजण्याचं काम करत होते. जे मोजता येत नाही त्यावर मी सहसा बोलत नाही.

यावर बोलणार आहे.

भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी इथेच थांबावं. हे भर दुपारी घडलं. १९९८ चा मे महिना, शुक्रवार. जागा उम्म अल कुवैन, खाडीजवळच्या एका जुन्या इमारतीतला आमचा फ्लॅट. जुम्म्याची नमाज होऊन गेली होती. बाहेर ऊन आग ओकत होतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

आधी थोडं सांगावं लागेल.

गल्फमध्ये राहणाऱ्या माणसाची वार्षिक रजा म्हणजे एक कार्टन असतं. ते वर्षभर भरायचं. दुधाची पावडर, साबण, अत्तरं, कुणाच्या मुलाचे बूट. मग त्याला चिकटपट्टी लावायची, नायलॉनची दोरी आवळायची, ताणकाट्याला लटकवून वजन बघायचं. भारतात गेलं की ते घरोघरी वाटत फिरायचं. वाटून होईपर्यंत रजा संपते.

त्या वर्षी मी कार्टन भरलं नाही.

"मी युरोप बघणार आहे," मी सांगितलं. "एकटी. हॉस्टेलमध्ये राहून."

पुण्याहून वन्संचा फोन आला.

"धर्मशाळेत राहणार म्हणे तू?"

"हॉस्टेल म्हणतात, वन्सं."

"तेच ते. तुला तिथे काय कमी पडतंय गं?"

"काहीच नाही. म्हणून तर जातेय."

माझा नवरा शैलेंद्र हिशेबी माणूस. "एका रात्रीचे पन्नास दिरहम? म्हणजे साडेपाचशे रुपये! आणि त्यात दुसऱ्याच्या डोक्यावर झोपायचं?"

"खालची कॉट घेईन."

"माझा एनओसी लागेल, मॅडम. व्हिसा माझ्यावर आहे तुमचा."

तो हसत म्हणाला होता. पण त्या ना-हरकत पत्रावर सही करत नव्हता. आठवडे चालले होते. एनओसी नाही तर व्हिसा नाही, व्हिसा नाही तर युरोप नाही. एवढं सोपं होतं ते.

मी वाद घातला नाही. हॉस्टेलं निवडायला लागले.

माझी झोप हलकी आहे. मला स्वस्त जागा हवी होती, पण त्याहून जास्त शांत हवी होती. गाइडबुकात सगळीच हॉस्टेलं 'शांत' असतात. म्हणून मी माझी पद्धत वापरली. शुक्रवारी फोनचा दर कमी असायचा. मी हॉस्टेलला फोन लावायचे, दर विचारायचे आणि म्हणायचे, "रिसीव्हर जरा तसाच टेबलावर ठेवाल का? मला ऐकायचं आहे."

लोक हसायचे. पण ठेवायचे.

दुपारी माणसं बाहेर असतात. उरते ती इमारत. ट्राम जवळ आहे का, दारं आपटतात का, पाइप घुमतात का, ते कळतं. या सगळ्याच्या खाली लाइनची खरखर असतेच. ती नेहमी असते. ती गेली तर लाइन गेली.

व्हिएन्नातलं एक हॉस्टेल चांगलं वाटत होतं. बाईने रिसीव्हर ठेवला. तिची पावलं लांब गेली. एक दार हलकेच मिटलं.

मग खरखर थांबली…

लाइन तुटली नव्हती. टोन आला नव्हता. फक्त खरखर नव्हती.

आणि त्या पोकळीत…

चर्रर्र…

थोडं थांबून, टुक.

आम्हा गल्फवाल्यांना हा आवाज झोपेतही ओळखू येईल. कार्टनवर चिकटपट्टी ओढल्याचा. आणि कात्री सापडत नाही म्हणून ती दातांनी तोडल्याचा.

व्हिएन्नात कोण कार्टन बांधतंय?

मी हसले. पुढचा नंबर लावला. झुरिक.

खरखर… मग नाही…

चर्रर्र… टुक.

मी रिसीव्हर बाजूला ठेवला आणि घरात फिरले. शैलेंद्र आतल्या खोलीत घोरत होता. आमची मुलगी अंतरा हॉलमध्ये चित्र काढत होती.

"तू टेप वापरतेयस का गं?"

"नो, आई. आय ॲम कलरिंग."

स्टोअर रूम उघडली. आत कुणी नव्हतं.

वरच्या फळीवर एक कार्टन होतं, आधीच्या भाडेकरूंचं. आम्ही राहायला आलो तेव्हा वॉचमन मुश्ताक म्हणाला होता, "अमानत है, कोई लेने आएगा." कुणी आलं नाही. पण दुसऱ्याचं कार्टन आमच्याकडे कुणी उघडत नाही. मी हलवून बघितलं. जागचं हललं नाही.

मी फोनकडे परत आले. रिसीव्हर कानाला लावला.

दोरी आवळल्याचा आवाज येत होता…

मी शिकले त्या पद्धतीने वागले. पुण्याला फोन लावला. वन्संनी तोंड उघडलं, खरखर होती, दुसरा आवाज नव्हता. माझ्या ऑफिसला लावला. नव्हता. कैरोतल्या एका हॉटेलला लावला. नव्हता. मी जिथे राहायला जाणार नव्हते, तिथे तो नव्हता.

पुढच्या शुक्रवारी बेल्जियममधल्या एका छोट्या गावातलं हॉस्टेल लावलं. गावाचं नाव सांगत नाही, त्या लोकांचा धंदा आहे.

चर्रर्र…

या वेळी खूप जवळ. जणू माझ्याच कानावर पट्टी ओढत होती.

'होती' म्हणाले मी. का कुणास ठाऊक, तेव्हाच मला कळलं होतं की ती बाई आहे.

संध्याकाळी मी शेजारच्या कुबराकडे गेले. ती हैदराबादची, इमारतीतली सगळ्यात जुनी. आमच्या फ्लॅटमध्ये आधी कोण राहायचं, एवढंच विचारलं.

तिने चहाचा कप खाली ठेवला.

"तुमकू किसीने बोला नै? कुमुद बाजी रहती थी. तुम्हारीच तरफ की थी, मराठी."

कुमुदचा नवरा रास अल खोरला गॅरेजवर होता. दर उन्हाळ्यात ती कार्टन बांधायची. दर उन्हाळ्यात रजा रद्द व्हायची. कधी कंपनीने थांबवलं, कधी नवऱ्याने. मग ती कार्टन सोडायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा बांधायची.

"एक दिन दोपहर में वो कार्टन के बाजू में बैठी, तो बैठीच रह गई," कुबरा म्हणाली. "हाथ में टेप था."

"तिला भारतात जायचं होतं?"

कुबराने माझ्याकडे विचित्र नजरेने बघितलं.

"इंडिया? इंडिया का नाम कौन लिया? वो तो बोलती थी, कहीं भी. बस कहीं भी."

मी घरी येऊन शैलेंद्रला सगळं सांगितलं. तो आधी हसला.

"क्रॉस कनेक्शन असेल."

"मग ऐक."

पुढच्या शुक्रवारी मी बेल्जियमचा नंबर लावला. आम्ही दोघांनी एकाच रिसीव्हरला कान लावले. बाईने रिसीव्हर टेबलावर ठेवला.

खरखर गेली…

चर्रर्र… टुक.

शैलेंद्रच्या दंडावर काटा आला. मी बघितला तो.

"बंद कर," तो कुजबुजला. "खलास. तू कुठेही जायचं नाहीस. हा इशारा आहे, कळत नाही का तुला? तुला कुणीतरी अडवतंय."

खरं सांगते, क्षणभर मलाही तसंच वाटलं. तिकीट घेतलं नव्हतं. कुणाला काही सांगावं लागलं नसतं. जुलैत पुण्याला गेले असते, साबण वाटले असते.

आणि मग मला राग आला.

नवरा अडवणार, वन्सं अडवणार, आणि आता मेलेल्या बाईनेही मलाच अडवायचं?

पण ती अडवत होती का? अडवणारा माणूस दार लावून घेतो. ही तर सामान बांधत होती.

मी रिसीव्हर ओढून घेतला.

"कुमुदताई," मी मराठीत म्हणाले. "यायचंय का? मग चला. पण एक सांगते. माझी झोप हलकी आहे. मी शांत जागा शोधतेय. तिथे हा आवाज करायचा नाही."

चर्र…

पट्टी अर्ध्यातच थांबली.

आणि खरखर परत आली. पलीकडून ती बेल्जियन बाई विचारत होती, मॅडम, ऐकून झालं का?

"झालं," मी म्हणाले. "बुक करा. दोन कॉट."

दुसऱ्या दिवशी सकाळी एनओसी टेबलावर होता. सही केलेला.

निघण्याआधी मी एकच गोष्ट केली. फळीवरचं ते कार्टन दोरीला धरून ताणकाट्याला लटकवलं. काटा विसाच्या बराच पुढे गेला. ते पुन्हा वर ठेवताना माझे हात भरून आले.

शैलेंद्र आणि अंतरा पुण्याला गेले. मी व्हिएन्नाला.

प्रवासात काही घडलं नाही. म्हणजे आवाज नव्हता. मी सगळीकडे दोन कॉट घेतल्या. व्हिएन्नात शेजारची कॉट रिकामी. झुरिकमध्ये रिकामी. दिवसभर चालायचे, संग्रहालयं बघायचे, पाव आणि चीज खायचे. इतकी झोप मला आयुष्यात लागली नव्हती.

फक्त हॉस्टेलची माणसं…

चादरी हातात देताना ती माझ्या खांद्यामागे बघून मान हलवायची. नमस्कार केल्यासारखी.

मी मागे वळून बघितलं नाही. एकदाही नाही.

शेवटचा मुक्काम बेल्जियममध्ये. खोलीत चार कॉट, बाहेर कालवा. खिडकीजवळची कॉट मी तिच्यासाठी ठेवली. निघायच्या दिवशी ऊन वर आलं होतं. मी बॅग भरली. शेजारची चादर सपाट होती, मी पसरली तशीच.

"चला," मी म्हणाले. "संपली रजा."

काही नाही.

"कुमुदताई?"

खिडकीखाली कुणाची तरी सायकल गेली. मग तीही नाही. कबुतरं नाहीत. पाणी नाही. सगळं थांबलं…

आणि खिडकीजवळून आवाज आला.

चर्रर्र नव्हे. दुसराच. दोरीची गाठ सुटल्याचा. पुठ्ठ्याची झाकणं एकेक करून उघडल्याचा. मग कापड झटकल्याचा…

कुणीतरी सामान सोडत होतं. सावकाश. बरेच दिवस राहायला आलेलं माणूस सोडतं तसं.

मी दार हलकेच ओढून घेतलं.

खाली मी किल्ली दिली. रिसेप्शनवरच्या बाईने हसून दुसरा हात पुढे केला. दुसऱ्या किल्लीसाठी.

मला दुसरी किल्ली कुणी दिलीच नव्हती.

उम्म अल कुवैनला मी सगळ्यांच्या आधी पोहोचले. कुबरा जिन्यातच भेटली. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे बघितलं. बराच वेळ.

"उनकू कहाँ छोड़ के आए?" तिने विचारलं.

मी कुबराला यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

घरात जाऊन मी स्टोअर रूम उघडली. कार्टन तिथेच होतं. पट्टी तशीच, कुठे सुटलेली नाही. दोरी तशीच, त्याच गाठी. मी ते काट्याला लटकवलं.

काटा जेमतेम हलला.

शैलेंद्र आल्यावर त्याने ते हलवून बघितलं. आत काही वाजलं नाही. मग त्याने जाऊन हात धुतले. आम्ही ते उघडलं नाही. अजूनही नाही. दुसऱ्याचं आहे ते.

वन्सं म्हणाल्या, शांत करून घे, पूजा घाल. मी घातली नाही. कुणाला शांत करायचं? ती शांतच आहे. आणि रजेत कुठे जायचं ते त्यानंतर मी कुणालाही विचारलेलं नाही.

पण एक गोष्ट मी करते. वर्षातून एकदा, शुक्रवारी दुपारी, बेल्जियमचा तो नंबर लावते. बाईला सांगते, रिसीव्हर जरा टेबलावर ठेवा. तिची पावलं लांब जातात. मी हळूच विचारते,

"कुमुदताई, झोप लागते ना?"

खरखर थांबते…

मग पुन्हा सुरू होते.