पाचव्या प्रकारचं सेटिंग

मी श्वास देणाऱ्या मशीनचं सॉफ्टवेअर लिहिते. अख्खं नाही, त्यातली एक लायब्ररी. सी भाषेतली, अठरा वर्षं जुनी, आणि त्यातली बारा वर्षं ती माझ्या गळ्यात आहे. लायब्ररी म्हणजे बाकीच्या प्रोग्रामना लागणारं सामायिक काम एका जागी करून ठेवलेलं. माझ्या लायब्ररीचं काम सेटिंग्ज सांभाळायचं. मिनिटाला किती श्वास, हवेचा दाब किती, गजर बंद ठेवायचा की नाही, स्क्रीनवर पेशंटचं नाव काय दाखवायचं. अशा एकशे बारा सेटिंग्ज.

प्रत्येक सेटिंगला क्रमांक असतो आणि प्रकार असतो. प्रकार चारच: होय-नाही, पूर्ण संख्या, दशांश संख्या, मजकूर. दाब ही संख्या आहे. तो मजकूर म्हणून मागितलात तर लायब्ररी उत्तर देत नाही, ‘प्रकार जुळत नाही’ एवढंच सांगते. ऑफिसमधल्या लोकांना हा जाच वाटतो. वाटू दे. भलत्या जागी भलतं काही वाचलं गेलं तर कोणाच्या तरी छातीत भलताच दाब जाईल, हे त्यांच्या डोक्यात शिरत नाही.

म्हणून मी दोन नियम कागदावर छापून भिंतीला चिकटवलेत. एकदा दिलेलं सेटिंग काढायचं नाही, कारण बाहेर गेलेली जुनी मशीन्स ते त्याच क्रमांकाने मागत राहतात. आणि मोठा प्रकार लहान प्रकारात कोंबायचा नाही, कारण मावत नाही ते सांडतं आणि सांडलेलं परत मिळत नाही. हा दुसरा नियम मोडणाऱ्या तिघांना मी भर मीटिंगमध्ये झापलंय. त्यांतल्या एकाने नंतर नोकरी सोडली. मला वाईट वाटलं नाही.

रागीटपणा माझ्याकडे बाबांकडून आला. ते लेथच्या कारखान्यात फोरमन होते. मशीनच्या आवाजावर आवाज चढवून चढवून त्यांना हळू बोलणं जमेनासं झालं होतं. मला ते ‘ठिणगी’ म्हणायचे. दुसरं कोणी म्हणत नसे, म्हणायची छाती नव्हती. आता त्यांची फुप्फुसं थकली होती. दुपारी चार तास आणि रात्रभर मास्क लावावा लागायचा, म्हणून आमच्याच कंपनीचं एक चाचणी मशीन मी घरी आणून ठेवलं होतं. त्याच्या पोटात सिमकार्ड असतं आणि दिवसातून एकदा ते सगळ्या सेटिंग्जची यादी ऑफिसला पाठवतं.

फुप्फुसं थकली तरी जीभ थकली नव्हती. “गोळी घेतलीत का?” असं विचारलं की उत्तर संपाच्या वर्षापासून सुरू व्हायचं. संपात कोण फुटला, त्याला पुढे कोणता आजार झाला, त्या आजाराचे डॉक्टर कसे चोर होते, अशा गल्ल्या फिरून ते गोळीपाशी पोचायचे, आणि तोवर मला ऑफिसला उशीर झालेला असायचा. गोळी घेतली की नाही ते शेवटी पाकीट मोजूनच कळायचं.

एका सोमवारी घरच्या मशीनच्या यादीत एकशे तेरा सेटिंग्ज आल्या.

मी आधी गुरुजीकडे पाहिलं. हा माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. काहीही विचारलं की वर्गात शिकवल्यासारखं सावकाश बोलतो, म्हणून गुरुजी.

“मला न विचारता सेटिंग घातलंस?”

“मी नाही हो. माझी काय बिशाद?”

ते खरं होतं. कोडमध्ये एकशे बाराच होत्या. ऑफिसातल्या दहाही मशीन्समध्ये एकशे बारा. फक्त घरच्या मशीनमध्ये एक जास्त. त्या सेटिंगला नाव नव्हतं, वर्णन नव्हतं, किमान-कमाल मर्यादा नव्हत्या. प्रकार विचारला तर उत्तर आलं, पाच.

पाचवा प्रकार नाहीच. मी तो कधी लिहिलेला नाही.

मजकूर म्हणून मागितलं: प्रकार जुळत नाही. संख्या म्हणून मागितलं: प्रकार जुळत नाही. आकार मात्र सांगितला, आणि तो दर दिवशी वाढत होता. मेमरी खराब झाली की असं होतं, म्हणून मंगळवारी मी मशीनची मेमरी तपासली. चांगली होती. बुधवारी वैतागून आतले बाइट जसेच्या तसे स्क्रीनवर ओतले. बहुतेक कचरा होता. ठिपके, चौकोन, अर्धीमुर्धी अक्षरं. मग मध्येच स्वच्छ दिसलं, ‘पट्टा सैल’. बरंच खाली, ‘तिसरी पाळी’. त्याच्याही खाली, ‘ठिणगी’.

त्या मशीनला माइक नाही. बोलणं टिपण्याचं कुठलंही साधन त्यात नाही, हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार?

मला भीती वाटली नाही, संताप आला. बाबांचा आवाज फोनबाहेर चार टेबलांपर्यंत जातो. कोणीतरी ऐकलं असेल आणि मस्करी केली असेल, असंच मी धरलं. गुरुजीला मी त्या दिवशी बरंच बोलले. तो खाली मान घालून ऐकत राहिला. मी स्क्रीन बंद केली. त्यातलं काहीही जपून ठेवलं नाही.

गुरुवारी सकाळी घरी भांडण झालं. रात्री मास्क का काढून ठेवलात, एवढंच मी विचारलं होतं. बाबांनी कारखान्यातल्या भट्टीपासून सुरुवात केली.

“बाबा, मला वेळ नाही. दुपारी तरी मास्क लावणार का, ते सांगा.”

“अगं, ऐक तर. ती भट्टी विझली ना, तेव्हा...”

“भट्टी गेली खड्ड्यात. सरळ एका शब्दात उत्तर देता येत नाही का तुम्हाला? जन्मात एकदा तरी?”

ते हसले आणि म्हणाले, “ठिणगी पडली.” मी दार आपटून निघाले.

ऑफिसात साहेब माझ्या खुर्चीपाशी उभे होते. तपासणी होती. ज्या बाई मशीनला मंजुरी देतात त्यांनी घरच्या मशीनची यादी पाहिली होती, आणि पाचवा प्रकार पाहून कागद परत केले होते.

“काढून टाका ते,” साहेब म्हणाले.

“काढता येत नाही. नियम आहे.”

“मग चारांपैकी एका प्रकारात बसवा. बारा वाजेपर्यंत.”

“असं बसवता येत नाही, साहेब.”

“तुम्हाला प्रत्येक गोष्टीला नाहीच म्हणायचं असतं का?”

साहेबांचा राग होता, गुरुजीचा होता, भट्टीचा होता. मी एक ओळ लिहिली. एकशे तेरा, प्रकार होय-नाही. चाचणी मशीनला एखाद्या सेटिंगचा बदल ऑफिसातून थेट पाठवता येतो, तशी ती घरच्या मशीनला पाठवून दिली. सी भाषेत शून्य सोडून काहीही होय-नाहीमध्ये कोंबलं की त्याचं ‘होय’ होतं. कितीही मोठं असलं तरी. मशीनकडून उलट निरोप आला: एकशे तेरा, होय, आकार एक बाइट. तपासणी पास झाली.

संध्याकाळी घरी गेले तेव्हा बाबा खुर्चीत ताठ बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर. बोलताना त्यांचे हात सतत हवेत असायचे.

“मास्क लावला होता का?”

“हो.”

मी थांबले. पुढचं येईल म्हणून वाट पाहिली. आलं नाही.

“रागावलात?”

“हो.”

“सकाळचं मनावर घेऊ नका. जेवलात का?”

“हो.”

दिवसभर त्यांच्याजवळ असणाऱ्या मावशी स्वयंपाकघरातून आल्या. “आज एकदम शहाण्यासारखे वागले बघा. दुपारपासून कटकट नाही की काही नाही. म्हटलं ते सगळं ऐकलं.”

शुक्रवारी डॉक्टर येऊन गेले. छाती तपासली, ठीक आहे म्हणाले, स्वभाव निवळला म्हणून माझं अभिनंदनही केलं. परदेशातली धाकटी बहीण व्हिडिओवर बोलली. वर्षातून दोनदा तिला बाबांची आठवण येते. “ताई, किती गोड झालेत गं. मी म्हटलं, बाबा, माझी आठवण येते का? तर लगेच हो म्हणाले.” मी फोन कापला. जिला तो माणूस कधी पुरता ऐकायलाच नको होता, तिला तो असा आवडणारच. आणि माझं तरी काय वेगळं होतं? त्या विचाराने मला स्वतःचीच किळस आली.

शनिवारी दार लावून मी त्यांच्यासमोर बसले. बग शोधताना करते तसंच केलं, उलटसुलट विचारून पाहिलं.

“बाबा, आज शनिवार आहे का?”

“हो.”

“आज रविवार आहे का?”

“हो.”

“दुखतंय का?”

“हो.”

“काही दुखत नाहीये ना?”

“हो.”

त्यांची नजर माझ्यावर होती आणि पापण्या लवत होत्या. मी फोनवर ती उत्तरं रेकॉर्ड केली होती. कॉम्प्युटरवर त्यांच्या आवाजाच्या रेघा एकमेकींवर ठेवल्या. चारही तंतोतंत जुळल्या. कुठे केसाएवढाही फरक नव्हता.

मी परत त्यांच्यासमोर जाऊन बसले.

“बाबा, तुम्ही आहात ना?”

“हो.”

मी खुर्ची आणखी पुढे ओढली.

“बाबा, तुम्ही गेलात का?”

“हो.”

रविवारभर मी ते उलटवायचा प्रयत्न केला. प्रकार परत पाच केला. आकार एक बाइटच राहिला, त्यात धड एक अक्षरही मावत नाही. दुसऱ्या मशीनवर बाबांना हलवायची हिंमत झाली नाही. जे काही उरलं होतं ते याच मशीनमध्ये होतं. जुनी प्रत शोधली. नव्हती. बुधवारी स्क्रीनवर सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी ते बंद करून गुरुजीवर ओरडत बसले होते. इतरांना ज्यासाठी झापलं तेच मी केलं होतं, माझ्याच बापाचं केलं होतं, आणि मला झापणारं कोणी नव्हतं.

सोमवारी साहेबांचा निरोप आला. नवं सॉफ्टवेअर तीन वाजता सगळ्या मशीन्सना जाणार. तपासणीच्या बाईंचा शेरा होता की सुरक्षेसाठी प्रत्येक होय-नाही सेटिंगची सुरुवात ‘नाही’पासून व्हावी. अपडेट घेतलं की सगळ्या होय-नाही सेटिंग्ज ‘नाही’ होणार.

मी साहेबांच्या खोलीत गेले.

“घरचं मशीन वगळा.”

“कारण?”

“माझे वडील आहेत त्यावर.”

“सगळ्या मशीन्सवर कोणाचे तरी वडील आहेत.”

“साहेब, मी हात जोडते. एवढं एक मशीन.”

मी हात जोडण्यातली नाही, हे त्यांना माहीत होतं. ते जरा चपापले. “घाबरताय कशाला? स्क्रीनवर होय दाबल्याशिवाय अपडेट चढत नाही. तुम्हीच लिहिलंय ते. दाबू नका म्हणजे झालं. आणि दोन दिवस सुट्टी घ्या.”

मी बाहेर येऊन मावशींना फोन लावला.

“मशीनला कोणी हात लावायचा नाही. काहीही आलं तरी. विचारल्याशिवाय काही दाबायचं नाही. समजलं?”

“ओरडता कशाला, ताई? समजलं की.”

मग मी कोडमध्ये आमचं मशीन वगळायची ओळ लिहायला बसले. साहेबांची परवानगी असो नसो. अडीचला ओळ तयार झाली. गुरुजी खुर्ची फिरवून माझ्याकडे बघत होता.

“काय झालं?”

“तुम्ही त्यावर काम करताय का? अपडेट तर दोनलाच सोडलं. साहेब म्हणाले, लवकर उरकून टाका.”

पर्स उचलली, आणि तेवढ्यात फोन वाजला.

“ताई, मशीनवर पाटी आली होती. नवीन काहीतरी घालायचं का म्हणून. खाली होय आणि नाही.”

“तुम्ही काय केलंत?”

“मी कशाला आपल्या मनाने काही करू? तुम्ही म्हणाला होतात ना, विचारल्याशिवाय दाबू नका.”

“मग?”

“मग बाबांना विचारलं. ते हो म्हणाले.”

मी पर्स परत टेबलावर ठेवली.

“मावशी, फोन त्यांच्या कानाला लावा.”

चादर सरकल्याचा आवाज आला. मग मशीनचा श्वास ऐकू आला, आत, बाहेर, अगदी नेमून दिलेल्या गतीने.

“बाबा, मी बोलतेय. ऐकू येतंय ना?”

“नाही.”