पिवळ्या पाइपचं वळण

शिवांजली शिडीवर चढली, भिंतीवर खडूनं खूण केली, ड्रिल मशीन टेकवलं... आणि तेवढ्यात शेजारची खिडकी उघडली.

खिडकीत एक तरुण. त्याच्या खांद्यावर दुपट्यात गुंडाळलेलं, मुठीएवढ्या तोंडाचं बाळ.

"मेल्लगे..." तो कुजबुजला.

"काय?"

"हळू म्हणलं. आमच्या घरात कानडी हाय, घाईत तेच तोंडात येतंय. आत्ताच डोळा लागलाय हिचा."

"मग मी भोक कधी पाडू?"

"ही उठल्यावर."

"आणि ही कधी उठते?"

"ते काय तिनं सांगितलं न्हाई अजून."

शिवांजलीला हसू आलं. ती गुपचूप शिडीवरून उतरली. जानेवारीचं धुकं अजून पुरतं विरलं नव्हतं. कुंपणापलीकडं ज्वारी दाण्यात आली होती आणि तिचा गोडसर, ओला वास इथवर येत होता.

लोहाऱ्याकडच्या त्या छोट्या प्रसूतिगृहात ती पाच दिवसांसाठी आली होती. वीज गेली की तिथला जुना डिझेल जनरेटर धडधडायचा आणि त्याचा धूर थेट बाळांच्या खोलीत शिरायचा. म्हणून डॉक्टर महेश्वरीबाईंनी गॅसवर चालणारा नवा जनरेटर घेतला होता. सिलिंडरपासून त्या जनरेटरपर्यंत गॅसची लाइन टाकायची, हे शिवांजलीचं काम. ती परंड्याची. डिप्लोमा करून सोलापूरच्या एका ठेकेदाराकडं लागलेली. गेल्या वर्षी एक स्थळ 'मुलगी शिडीवर चढते' म्हणून परत गेलं, तेव्हापासून तिनं घरात तो विषयच बंद केला होता.

दुपारी तो तरुण दोन कप चहा घेऊन बाहेर आला. सिद्धाराम त्याचं नाव. इथं नर्स होता.

"सगळे तुम्हाला ब्रदर म्हणतात," ती म्हणाली. "मी न्हाय म्हणणार."

"मग काय म्हणणार?"

"अजून ठरवलं न्हाय..."

तो एवढा लाजला, की चहा बशीत सांडला.

मग त्यानंच सांगितलं. गावात लोक हसतात. पुरुषासारखा पुरुष, आणि दिवसभर लंगोट बदलतो म्हणतात. सांगताना तो स्वतःच हसत होता, पण शिवांजली हसली नाही. त्याच्या हातांकडं बघत राहिली. मोठे, शेतकऱ्याचे हात... आणि तरी किती हलके!

दुसऱ्या दिवशी तिचं लक्ष नकाशाकडं गेलं. सिलिंडर ठेवायचा कट्टा नेमका बाळांच्या खोलीच्या खिडकीखाली दाखवला होता. तिनं लगेच ठेकेदाराला फोन लावला.

"हा गॅस हवेपेक्षा जड असतो, साहेब. गळला तर खालीच साचणार. वर खिडकी आहे, आत बाळं आहेत. कट्टा मागं लिंबाच्या झाडाकडं न्यावा लागेल."

"पाइप वाढेल. दोन दिवस वाढतील. आहे तसं कर."

"तसं असेल तर दुसरं कुणी पाठवा. मी इथं नाही बसवणार."

पलीकडून एक सुस्कारा, आणि फोन बंद. नाही म्हटलं नव्हतं, म्हणजे होच.

सिद्धारामनं खिडकीतून सगळं ऐकलं होतं.

"नोकरी गेली असती की तुमची."

"गेली असती..."

"दोन दिवस वाढले, व्हय?"

"वाढले. का? तुम्हाला अडचण आहे?"

"छे! लई अडचण हाय," तो म्हणाला, आणि वळून आत जाताना शीळ घालू लागला.

लिंबाला वळसा घालून पिवळा पाइप पुढं सरकत गेला. सांधे जोडून झाल्यावर शिवांजलीनं आत नुसती हवा भरली आणि साबणाचा फेस कालवला. गळती असेल तर तिथं फुगा येतो. सिद्धारामची पाळी संपली होती. त्यानं दुसरा ब्रश उचलला.

"इथं फुगा हाय."

ती वाकली. दोघांची डोकी अगदी जवळ आली. त्याच्या सदऱ्याला बाळांच्या पावडरचा वास होता.

"हा ब्रशचा फेस आहे."

"मग इथं बघा. इथं नक्की हाय."

"सिद्धाराम..."

पहिल्यांदाच तिनं नाव घेतलं. उन्हात फेसाचे रंग हलकेच फिरत राहिले.

"गॅसला खरं तर वास नसतो," काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली. "मुद्दाम घालतात. दिसत नाही ते निदान कळावं म्हणून."

"माणसातबी घालायला पायजे होतं असलं काहीतरी," तो पाइपकडं बघत म्हणाला.

शेवटच्या दिवशी सकाळी डिझेलचा जनरेटर टेम्पोत चढला. नव्या लाइनीत गॅस सोडायची तयारी चालली होती, आणि अकराच्या सुमाराला वीज गेली. आत एक बाळ उबेच्या पेटीत होतं. फक्त दीड किलोचं. त्याची आई अजून गुंगीत होती.

सिद्धारामनं सदरा सोडला, बाळाला उघड्या छातीशी धरलं, वरून दोन शाली लपेटल्या आणि खिडकीशी आला.

"किती वेळ?"

"दहा मिनिटं."

ती घाबरली नव्हती असं नाही. तिनं व्हॉल्व्ह उघडला, बटण दाबलं. इंजिन खोकलं आणि गप्प. पुन्हा दाबलं. गप्प. पाइपात हवा अडकली होती. नवी लाइन, वरून लांब वळसा... तिनं पाइपचं बाहेर उघड्यावरचं तोंड सैल केलं, हवा जाऊ दिली, वास येताच पक्कं आवळलं. त्या सांध्यावर दोनदा साबण लावून बघितलं. घाई केली नाही. मग पुन्हा बटण.

या वेळी इंजिननं मऊ, एकसारखा सूर धरला. आतले दिवे लागले.

खिडकीत सिद्धाराम तसाच उभा होता. छातीशी बाळ, डोळ्यांत पाणी. त्यानं बाळाचा हात दोन बोटांत धरून तिला हलवून दाखवला. शिवांजली तिथंच खाली बसली, आणि हसता हसता रडू लागली.

संध्याकाळी तिचं सामान गाडीत भरलं गेलं. पुढचं काम ढोकीला होतं. सिद्धाराम गाडीच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"रविवारी सुट्टी हाय मला. परंड्याला येऊ?"

"दोन एस्ट्या बदलाव्या लागतात. कशाला एवढ्या लांब?"

"तुमच्या आईवडलांना भेटायला."

"आणि मला?"

"तुम्हाला..." त्यानं गाडीचं दार धरलं. "तुम्हाला तर आत्ताच विचारतोय. मला तुम्ही लई आवडता, शिवांजली. शिडीवरबी, आन् जमिनीवरबी."

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. शिवांजली ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग तिनं मान वर करून सरळ त्याच्याकडं पाहिलं.

"या. पण एकटे नका येऊ... आईला घेऊन या."