रिकाम्या सेंटरमधली गर्दी

"पहिली बॅटिंग माझी!" वकील जिन्याच्या पहिल्या पायरीवरूनच ओरडला.

"का म्हणून? बॅट माझी आहे!" दोन-दोन पायऱ्या गाळत ठिणगीने त्याला गाठलं.

"बॅट तुझी, पण चेंडू माझा. चेंडूशिवाय बॅट म्हणजे नुसतं लाकूड. कायद्याने बघितलं तर..."

"चुलीत घाल तुझा कायदा!"

"आणि मी?" मागून धापा टाकत शेंडेफळाने विचारलं. "मला कायम फिल्डिंगच देता!"

शेंडेफळ हा ठिणगीचा सात वर्षांचा धाकटा भाऊ. वकील शेजारचा. सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं तरी 'पुरावा काय?' असं विचारणारा. नुकताच त्याचा आवाज फुटला होता आणि फोनवर लोक त्याला त्याचे बाबा समजून 'साहेब' म्हणायचे, त्यामुळे स्वारी हल्ली फारच चढून गेली होती. आणि ठिणगीला ठिणगी का म्हणतात, हे तिला 'मुलींना बॅटिंग कशाला?' असं विचारून बघितलेल्यांना नेमकं ठाऊक होतं.

तिघं निघाले होते शॉपिंग सेंटरच्या दुसऱ्या मजल्यावर. सुट्टीत क्रिकेटला यासारखी जागा नाही! वर ऊन लागत नाही, खाली चिखल नाही, आणि कितीही जोरात टोलवला तरी चेंडू कुणाच्या अंगणात जात नाही. दुसऱ्या मजल्यावरची बहुतेक शटर्स कायमची खाली आली होती. चेंडू शटरवर ठणकन आपटला की चौकार. सरकता जिना सरकायचा थांबून इतकी वर्षं झाली होती, की शेंडेफळाने तो सरकताना कधी पाहिलाच नव्हता. छताची काच पिवळी पडली होती आणि तिच्याखाली ठेवलेली बादली आता सेंटरचीच एक वस्तू झाली होती. त्या मजल्यावर चार दुकानं कशीबशी उघडी होती. त्यातलं एक ठिणगीच्या बाबांचं. बटणं, चेन, लेस, अस्तर, असं शिवणाचं सगळं सामान. भिंतभर लहान लहान खण आणि प्रत्येक खणावर आत काय आहे ते कळावं म्हणून एकेक बटण शिवलेलं. बाबा दिवसभर तिथे माशा मारत बसायचे. माशासुद्धा कमीच यायच्या, असं आई म्हणायची.

तिघं वर पोचले आणि जागीच थबकले.

गर्दी! जिथे एरवी चिटपाखरूही नसायचं, तिथे माणसंच माणसं! हातात पिशव्या घेऊन बायका चालल्या होत्या, आजोबा चालले होते, जोडपी काचांमध्ये डोकावत होती.

"आपलं मैदान!" वकील कळवळला.

ठिणगीला मात्र नाचावंसं वाटलं. बाबांच्या दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं! ती धावतच आत गेली. बाबा एका तरुण बाईशी बोलत होते आणि शेजारी सेंटरचे मॅनेजरकाका हात चोळत उभे होते. आई-बाबांच्या बोलण्यात हल्ली रोज यायची ती केकवाली ताई हीच. ती बाबांचा गाळा विकत घेणार होती.

"इथे भट्टी, इथे काचेचं कपाट," ताई डोळ्यांनीच मापं घेत होती. "इतकी वर्षं दुसऱ्याच्या भट्टीसमोर उभी राहिले. आता राहतं घर विकतेय, पण भट्टी माझी असेल! काय रे पोरांनो, याल ना केक खायला?"

"रोज!" शेंडेफळाने तत्काळ वचन देऊन टाकलं.

"एवढी वर्दळ असते म्हटल्यावर चिंताच नाही," ताई म्हणाली.

"आज तर कमीच आहे," मॅनेजरकाका म्हणाले. बाबा बटणांचा एक खण उघडून उगाचच आत बघत होते.

ठिणगी बाहेर आली आणि कठड्याला टेकून गर्दी बघत राहिली. बघता बघता तिच्या कपाळाला आठी पडली.

"वकील, त्या बाईंची पिशवी बघ. लाल बुटाचं चित्र."

"मग?"

"ते बुटांचं दुकान बंद होऊन दोन वर्षं झाली!"

"जुनी पिशवी असेल. माझी आईसुद्धा पिशव्या जपून ठेवते."

"आणि त्या आजोबांची? आणि त्या दोघांची? सगळ्यांच्या आयांनी आजच जुन्या पिशव्या काढल्या?"

वकील बोटांवर लाल बूट मोजू लागला. मुद्दा बिनतोड होता.

"शेंडेफळ," ठिणगी कुजबुजली, "आज तुझी बॅटिंग!"

पुढच्याच क्षणी शेंडेफळ चेंडूमागे धावल्यासारखं करत थेट लाल बुटाच्या पिशवीवर जाऊन आदळला. पिशवी उलटी झाली आणि आतून बाहेर पडले वर्तमानपत्रांचे चुरगाळलेले बोळे!

"आंधळा आहेस का रे?" बाई करवादल्या आणि घाईघाईने बोळे पिशवीत कोंबू लागल्या.

"अगं बघ, यांनी रद्दी विकत घेतली!" शेंडेफळ आनंदाने ओरडला. ठिणगीने त्याला मागे ओढलं.

तेवढ्यात केकवाली ताई निरोप घेऊन निघाली. ती सेंटरच्या दाराबाहेर पडली, आणि थोड्याच वेळात माईकवर मॅनेजरकाकांचा घोगरा आवाज घुमला. "ग्राहकांचे आभार! ग्राहकांचे आभार!"

आणि काय आश्चर्य! सगळी गर्दी एकदम वळली आणि तळघरातल्या पार्किंगकडे चालू लागली.

तिघं खांबांच्या आडून मागोमाग गेले. तळघरात कोंदट वास होता. मॅनेजरकाका पिशव्या गोळा करत होते आणि माणसं चहासाठी रांग लावत होती.

"उद्या संध्याकाळी बाई सही करायला येतायत," काका सांगत होते. "उद्या जरा हसत फिरा! आज निम्मे असे फिरत होते, जणू दवाखान्यात आलेत. आणि मी माईकवर दोनदा आभार मानेपर्यंत कुणी खाली उतरायचं नाही. हा एक गाळा गेला की बाकीचेही जातील. सगळ्या दुकानदारांचे डोळे उद्याकडे लागलेत."

"आणि एक सांगायचं होतं," दुसरा एक आवाज आला. हलका, ओशाळलेला. "माझ्या दुकानाशी जरा जास्त थांबा. आत या, बटणं हातात घेऊन बघा. नुसतं पुढून निघून जाता, ते बरं दिसत नाही."

ठिणगीने खांबाआडून डोकावून पाहिलं. तो आवाज बाबांचा होता.

"ते तर बा..." शेंडेफळाच्या तोंडावर तिने हात दाबला. वकिलाने एक शब्दही काढला नाही. त्याला गप्प बसलेलं ती पहिल्यांदाच बघत होती, आणि त्याचाच तिला राग आला.

रात्री जेवताना बाबा शीळ घालत होते. कित्येक महिन्यांनी!

"उद्या एकदाचे सुटू त्या गाळ्यातून," आई म्हणाली.

"बाबा," ठिणगीने विचारलं, "केकवाल्या ताईचं दुकान चालेल ना?"

"न चालायला काय झालं? गर्दी बघितलीस ना आज?" बाबा ताटाकडे बघत म्हणाले. शीळ मात्र तिथेच थांबली.

सकाळी ती वकिलाच्या दारात उभी राहिली. "ताईला वाचवायचं."

"पण तुझे बाबा..."

"माहीत आहे मला! ती राहतं घर विकतेय, वकील! घर जाईल आणि इथे केक खायला माशीसुद्धा येणार नाही!"

"मग सरळ सांगून टाकू तिला."

"मॅनेजर म्हणणार, पोरं खोटं बोलतात. गर्दी तिने डोळ्यांनी बघितलीय. तिच्या डोळ्यांदेखतच ती नाहीशी झाली पाहिजे."

वकील डोकं खाजवत राहिला. मग त्याचे डोळे चमकले. "खाली चौकशीची काचेची खोली आहे ना, तिला नुसती कडी आहे. माईक तिथेच आहे! आणि माझा आवाज फोनवर..."

"साहेबांसारखा येतो!" ठिणगी हसली. पण ते हसू फार टिकलं नाही.

संध्याकाळी गर्दी आदल्या दिवसापेक्षा जास्त होती आणि इमानेइतबारे हसतही होती. बाबांच्या दुकानात तर पाय ठेवायला जागा नव्हती. एक बाई मूठभर निळी बटणं घेऊन उजेडात निरखत होत्या. केकवाली ताई टेबलाशी बसली. मॅनेजरकाकांनी कागद पुढे सरकवले. ताईने पेनाचं टोपण काढलं.

ठिणगी कठड्याशी उभी होती. खाली काचेच्या खोलीत वकील वर बघत होता. हात तेवढा वर करायचा होता. तिने वळून बाबांकडे पाहिलं. बाबा पेनाकडे बघत होते. उपाशी माणूस ताटाकडे बघतो तसे. तिला हात उचलवेना. मग ताईने पहिल्या कागदावर पेन टेकवलं, आणि ठिणगीने डोळे मिटून हात वर केला.

"ग्राहकांचे आभार! ग्राहकांचे आऽऽभार!" दुसऱ्या वेळी वकिलाचा आवाज चिरकला, पण कोण लक्ष देतंय! खाली चहा होता.

निळ्या बटणांवाल्या बाईंनी बटणं टेबलावर टाकली आणि त्या चालू लागल्या. जोडपी वळली, आजोबा वळले. "आज लवकर सुटलो!" कुणीतरी मोठ्याने म्हणालं. बघता बघता दुकान रिकामं झालं. मग कठडा, जिना, अख्खा मजला रिकामा झाला.

"अहो, थांबा! आत्ता नाही! अजून सही व्हायचीय!" मॅनेजरकाका ओरडत धावले, आणि आपण काय बोललो ते कळून जागीच थिजले.

ताईने पेन उचललं. उठून ती बाहेर आली, कठड्यावरून वाकून तिने खाली पाहिलं. तळघराच्या दारात लाल बुटाच्या पिशव्यांचा ढीग लागत होता.

"तुम्हाला हे माहीत होतं?" तिने बाबांना विचारलं.

"छे छे!" मॅनेजरकाका मध्येच म्हणाले. "यांना बिचाऱ्यांना काय माहीत!"

बाबांना वाट मोकळी करून दिली होती. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"माहीत होतं," बाबा म्हणाले. "माझ्या दुकानाशी जास्त थांबा, असं मीच सांगितलं होतं त्यांना."

ताईने पेनाला टोपण लावलं. वकील धापा टाकत वर आला होता. ताईने तिघांना जवळ घेतलं. "पोरांनो, तुम्ही माझं घर वाचवलंत! तुमच्यासारखी पोरं ज्यांच्या पोटी येतात..." पुढचं वाक्य तिने गिळलं.

"मग केक?" शेंडेफळाने विचारलं.

"इथे नाही रे राजा," ती म्हणाली आणि थांबलेल्या जिन्यावरून उतरून गेली.

शाबासक्या मिळाल्या, नाही असं नाही. शेजारच्या चष्म्यांच्या दुकानातले काका दारात येऊन म्हणाले, "हुशार हो पोरं! फारच हुशार!" तेही आपला गाळा विकायला बसले होते, आणि 'हुशार' हा शब्द शिवीसारखाही म्हणता येतो हे ठिणगीला त्या दिवशी कळलं. वकिलाला घरून बोलावणं आलं. जाताना त्याने तिचा खांदा थोपटला आणि काहीच युक्तिवाद न करता तो शेंडेफळाला घेऊन गेला.

दुकानात बाबा निळी बटणं गोळा करत होते. ठिणगी खाली बसून टेबलाखाली पडलेली वेचू लागली.

"हात वर करून तू खूण केलीस ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आणि तळघरात काल माझा आवाज ऐकला होतास?"

मान हलवून तिने वेचलेली बटणं त्यांच्या हातात ठेवली. बाबांनी बटणं खणात टाकली.

"रागावलात?"

"हो," बाबा म्हणाले. "खोटं कशाला बोलू? आजपुरतं खूप झालं खोटं. आईला मी सांगतो काय ते, तू मध्ये पडू नकोस. आता हा गाळा कुणी घेत नाही. माझा जन्म इथेच जाणार." त्यांनी खण ढकलून बंद केला. "आणि शाबास! जड जातंय गं म्हणायला, पण शाबास."

ठिणगीला हुंदका आवरेना. सगळ्या शाबासक्यांमध्ये ही एकच तिला हवी होती, आणि हीच सोसत नव्हती.

"रडू नकोस," बाबा सवयीने बोलून गेले. "गिऱ्हाईक आलं तर काय म्हणेल?"

दोघांनीही दाराकडे पाहिलं. बाहेर कोणीही नव्हतं.