रिकाम्या जहाजाचं वजन

हुमनाबादला हायवेवर शिवय्याचा वजनकाटा आहे. लॉऱ्या तोलायचा. त्याच्या वरच्या खोलीत बसून मी एका जहाज बांधणाऱ्या कंपनीसाठी जहाजं तोलायचो. हसू नका. समुद्र मी पाहिलेला नाही, पण जहाजाची लांबी माझ्या कॉम्प्युटरात तुकड्या-तुकड्यांनी पडायची. इंजिन कुठून कुठपर्यंत, नांगर कुठं, कशाचं वजन किती, सगळं भरलं की सॉफ्टवेअर टोकापासून टोकापर्यंत रेघ काढायचं. वजन एका जागी साचलं तर रेघ तिथं फुगते, आणि जहाजाची कंबर मोडायची भीती असते.

हे मला कुणी शिकवलं नाही. अमरदीपला शिकवलं. माझा चुलतभाऊ, मेहकरच्या आमच्याच गल्लीतला, पण डिग्रीवाला. म्हणून नवं जहाज पाण्यात उतरताना वर चढायला कंपनीनं त्याला बोलावलं. रेघ माझी, शिडी त्याला. निघताना म्हणाला, "फोटो धाडतो की रे नागेश. जळू नको."

जळलोच. खाली शिवय्या एका लॉरीवाल्याशी भांडत होता. आमच्याकडची जुनी लबाडी: रिकामी गाडी तोलताना क्लीनरला आत झोपवायचं. एकदा रिकाम्या वजनात धरला की तो माणूस राहत नाही, गाडीचा पत्रा होतो.

मी तेच केलं. रिकाम्या जहाजाच्या वजनात, म्हणजे जे कधीच उतरवायचं नसतं त्या सामानात, एक ओळ घातली. पुढच्या टोकाला, माझे एकसष्ट किलो. नाव, नागेश. एवढ्या हजारो टनांत कोण बघतंय? निदान नावानं तरी मी चढलो.

एकसष्ट किलोनं रेघ हलत नसते. हलली. पुढच्या टोकाला बारीक गाठ आली, दोरीला असते तशी.

दुसऱ्या दिवशी जिना वाजला नाही. लोखंडी जिना आहे, मांजर चढलं तरी वाजतो. खुर्चीत बसलो, गादी दबली नाही. चहा खारट लागला. टपरीवाल्याला शिव्या दिल्या, दुसरा मागवला. तोही खारट.

दुपारी अमरदीपचा फोन आला. मागं वारा होता, आणि कुणाचं तरी हसणं. ओळखीचं.

"आलास तर सांगायचं न्हाई व्हय?"

"कुठं?"

"नाटकं कामून करायलास? टोकाला हुबा हाईस की. साहेब सकाळपासून तुझ्याशीच बोलायलेत. मला कोण विचारायलंय?"

त्याच्या आवाजात जळका वास होता. जन्मात पहिल्यांदा अमरदीप माझ्यावर जळत होता.

फोटो आला. कठड्याला टेकून मी. हाच निळा शर्ट, कोपरावर फाटलेला. केस उडालेले. मागं पाणी, बघवत नाही इतकं पाणी. आणि तो हसत होता. मी असा कधी हसलो नाही, मला तसं कारणच मिळालं नाही.

भीती वाटायला हवी होती. मला राग आला. खोलीत डोळे फोडायचे मी, आणि वारा खायचा त्यानं?

ओळ पुसून टाकायला बसलो. बटणावर बोट ठेवलं, दाबलं.

बटण खाली गेलं नाही.

दोन्ही हातांनी दाबलं. नाही.

खाली धावलो. भर उन्हात काट्याच्या पोलादी पट्टीवर मधोमध उभा राहिलो. केबिनवरचा लाल आकडा बघितला.

शून्य.

पाय आपटले. आवाज नाही. शून्य.

"शिवय्याअण्णा," मी म्हणालो, "बघा की जरा."

शिवय्यानं खिडकीतून मान काढली. माझ्याकडं बघितलं. मग आकड्याकडं बघितलं. आकड्यावर विश्वास ठेवायचा, हाच त्याचा धंदा.

त्यानं मागच्या लॉरीला हात केला.

"काटा रिकामा हाय. घे पुढं."