फिरत्या रंगमंचाचा काठ

दुपारी तीनला फोन आला. तालमीच्या वेळी एक वयस्कर अभिनेत्री फिरत्या रंगमंचावरून खाली कोसळली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं.

इन्स्पेक्टरबाई आधी इस्पितळात गेल्या.

"पाय घसरला माझा. मुलगा शेजारीच उभा होता. कुणाचा दोष नाही," अभिनेत्रीने एका दमात सांगितलं आणि डोळे मिटले.

नाट्यगृहात दोघंच थांबले होते. एक दिग्दर्शक, म्हणजे तिचा मुलगा. दुसरे रंगमंचाचं यंत्र चालवणारे काका.

लाकडी रंगमंच वीस फूट रुंद. काठाजवळच्या खडूच्या चौकटीतली लोखंडी पेटी खाली पडली होती. मध्याजवळचं हलकं स्टूल मात्र आपल्या खुणेवर होतं. विंगेत, यंत्राच्या हँडलशेजारी, काठोकाठ भरलेला चहाचा कप.

"कप कुणाचा?"

"माझा," दिग्दर्शक म्हणाला. "आईच्या शेजारी काठावर उभा होतो, कप हातात होता. ती पडली तसा तिथे ठेवून धावलो."

"गती किती होती?"

"नेहमीचीच. सकाळी फळ्यांना पॉलिश केलं, त्याने घात केला."

बाई काकांकडे वळल्या. "तुम्ही कुठे होता?"

"साहेबांनी पाणी आणायला पाठवलं होतं. हँडल गतीच्या पहिल्या खाचेवर ठेवून गेलो. आलो तर हँडल तसंच, आणि साहेबांच्या आई खाली. मायलेकांची भूमिकेवरून रोज खडाजंगी चालायची, पण असं होईल वाटलं नव्हतं."

"साफ खोटं! काका जागेवरच होते."

बाईंनी पेटी पुन्हा चौकटीत ठेवायला लावली. पहिली खाच. बारा सेकंदांत एक फेरी. पेटी जागची हलली नाही.

"पॉलिश तेच आहे," बाई म्हणाल्या. "आता तिसरी खाच."

पाच सेकंदांत एक फेरी. पेटी कुरकुरली, सरकली आणि धाडकन खाली गेली. स्टूल तसंच फिरत राहिलं.

"म्हणजे काकांनीच गती वाढवली!" दिग्दर्शक ओरडला.

"आणि तेव्हा तुम्ही काठावर होता?"

"होतो म्हटलं ना."

"एवढी जड पेटी गेली, मग हलकं स्टूल कसं राहिलं?" काकांनी हळूच विचारलं.

"वजनाचा प्रश्नच नाही, काका. फिरणारी वस्तू सरळ निघून जायला बघते. तिला सतत मध्याकडे वळवावं लागतं, आणि ते काम फळ्यांची पकड करते. पेटी जड, तशी तिची पकडही जास्त, म्हणून वजनाची फिटंफाट होते. फरक पडतो अंतराने. फेरीला वेळ तेवढाच, पण मध्यापासून जितकं लांब, तितकी आतली ओढ जास्त लागते. काठावर ती पुरली नाही."

बाई दिग्दर्शकासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"जिथे लोखंडी पेटी टिकली नाही, तिथे तुम्ही ताठ उभे होता आणि चहाचा थेंबही सांडला नाही? तुम्ही रंगमंचावर नव्हताच. कप हँडलशेजारी आहे, कारण तुम्ही तिथे होता. काकांना तुम्हीच बाहेर पाठवलंत, आणि ती पडल्यावर हँडल पुन्हा मागे घेतलंत."

मग दिग्दर्शक मटकन पायरीवर बसला.

"तिला एक संवाद धड आठवत नाही. भूमिका सोड म्हणून पाया पडलो. वाटलं, एकदा घाबरेल आणि आपणहून 'बस झालं' म्हणेल. पाडायचं नव्हतं हो मला."

"ती ओरडली असेल ना?"

त्याने मान खाली घातली. "ओरडली. मला वाटलं, अजून एक फेरी."

संध्याकाळी बाई पुन्हा इस्पितळात गेल्या. अभिनेत्रीने लगेच सुरुवात केली, "पाय घसरला माझा. मुलगा शेजारीच..."

"त्याने सगळं कबूल केलंय, आई."

म्हातारी छताकडे बघत राहिली.

"दुपारपासून घोकतेय," ती म्हणाली. "एकही शब्द चुकले नव्हते."