आईच्या स्वेटरवरचं जॅकेट

“उडी मारा.”

“काय?”

“जागच्या जागी. तीन उड्या.”

धक्क्यावरच्या त्या माणसाच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. तळ्यावरच्या बोटींची लाइफ जॅकेट सांभाळणं हे त्याचं काम, आणि त्याने तपासल्याशिवाय कुणालाही बोटीत पाऊल टाकता येत नसे. दादाने उड्या मारल्या. वहिनीने केस सावरत मारल्या. त्यांच्या चार वर्षांच्या भिंगरीने तर तीनाच्या तेरा मारल्या. राहिली होती ती, भिंगरीची आत्या. तिघांचे पट्टे तिनेच आवळून दिले होते. स्वतःचे तसेच लोंबत होते.

तिने मुकाट्याने उड्या मारल्या. त्याने दोन्ही खांद्यांवरचे पट्टे धरून जॅकेट उचललं, तर ते थेट तिच्या कानांपर्यंत आलं.

“स्वेटर दोन मापं मोठा आहे तुमचा. तो काढा, मग बसेल नीट.”

“नाही काढणार.”

“पाण्यात पडलात तर—”

“तर स्वेटरसकट पडेन. आईचा आहे.”

“आई जाऊन चार महिने झाले,” दादा पुटपुटला, “तरी हिच्या अंगावरून हा उतरत नाही.”

आता याचाही चेहरा पडणार, हाही ‘अरेरे’ म्हणणार... ती वाट बघत राहिली. चार महिने तिने दुसरं काही ऐकलंच नव्हतं. त्याने मात्र डोळे बारीक करून स्वेटरचे खांदे मापले.

“आई चांगल्या भक्कम होत्या म्हणायच्या. थांबा, मोठं जॅकेट आणतो.”

आणि ती हसली. इतकी खळखळून, की तिची तीच दचकली.

बोट सुटल्यावर दादा म्हणाला, “एवढं हसण्यासारखं काय होतं? चारच तर महिने झालेत.”

“मघाशी ‘चार महिने झाले’ म्हणालास. आता ‘चारच’?”

वहिनीने हसू लपवायला घाईघाईने पाण्याकडे तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते.

दादाचा संसार सात वर्षं परदेशात. दर सुट्टीत तिघं येत. या वेळची सहल आईने ठरवली होती. खोल्यासुद्धा तिनेच निवडल्या होत्या. दादाला ती रद्द करायची होती, हिने करू दिली नाही. पण येताना दादाच्या बॅगेतून व्हिसाचा एक फॉर्म आला होता. हिने घर आवरायचं, नोकरी सोडायची आणि कायमचं त्याच्याकडे जायचं. सगळं ‘ठरलं’ होतं. कुणी ठरवलं, ते विचारायची सोय नव्हती. रविवारी त्यांचं विमान होतं आणि त्याआधी सही हवी होती.

बोट परतली, आणि भिंगरीने जॅकेट काढायला साफ नकार दिला. आजीने तिला फोनवर सांगितलं होतं, हे घातलं की माणूस बुडत नाही. मग काढायचं कशाला? रडारड झाली, लाथा झाल्या. शेवटी जॅकेटवाला तिच्यापुढे उकिडवा बसला.

“ठेव. पण रोज सकाळी मला दाखवून जायचं. आत्याला घेऊन.”

“आत्या कशाला?” आत्यानेच विचारलं.

“एवढीशी पोरगी एकटी कशी येणार?” तो गंभीरपणे म्हणाला. त्याचे कान मात्र लाल झाले होते.

भिंगरी जॅकेट घालून जेवली, जॅकेट घालून झोपली. सकाळी दोघी धक्क्यावर हजर. वारा पाण्यावरून गार शिरशिरी घेऊन येत होता. भिंगरीच्या जॅकेटच्या एका पट्ट्याची शिवण उसवलेली आत्याला दिसली. तिने पिशवीतून सुई आणि मेण लावलेला दोरा काढला आणि तिथेच पायरीवर बसून टाके घातले. त्याने पट्टा ओढून पाहिला, पुन्हा ओढून पाहिला.

“हा टाका कुठे शिकलात?”

“ग्रंथालयात. जुनी पुस्तकं शिवते मी.”

“पुस्तकं शिवतात?”

“मग काय, नुसत्या डिंकावर जगतात?”

“मला वाटायचं, वाचणाऱ्यांच्या आशीर्वादावर.”

“वाचणारेच तर फाडतात!”

दुसऱ्या दिवशी त्याने उसवलेली सहा जॅकेट समोर ठेवली. तिसऱ्या दिवशी ती हसून म्हणाली, त्यांतली दोन तरी मुद्दाम उसवलेली वाटतात. “तीन,” तो म्हणाला. तिने मान खाली घातली आणि दोरा आतबाहेर जात राहिला.

रविवारी सकाळी दादा फॉर्म घेऊन धक्क्यावरच आला. मागून वहिनी.

“सही कर. दुपारी निघायचंय.”

“नाही करणार.”

“खोली तयार केलीये तुझ्यासाठी! भिंगरीलाही तू हवीस. इथे एकटी काय करणार?”

“पुस्तकं शिवेन. आईच्या खिडकीत बसून चहा पिईन. सुट्टीत तुम्ही या, खोली मीही तयार ठेवीन.”

“लोक काय म्हणतील? आईला जाऊन वर्ष नाही, आणि तू रोज सकाळी धक्क्यावर—” त्याने जॅकेटवाल्याकडे पाहिलं. “याच्यासाठी राहतेयस?”

“नाही. माझ्यासाठी राहतेय. त्याचं अजून ठरायचंय. पण ते मी ठरवीन, दादा, आणि हसत ठरवीन.”

“अहो, तिला एकदा तरी विचारलं होतं का आपण?” वहिनी हळूच म्हणाली.

दादाने हातातल्या फॉर्मकडे पाहिलं. “आईच्या वेळी मी पोचलो नाही,” तो कसाबसा म्हणाला. “तुझ्या वेळी तरी... म्हणून.”

तिने पुढे होऊन त्याचा हात धरला. पण फॉर्म धरला नाही.

तेवढ्यात कट्, कट् असे दोन आवाज आले. चार दिवसांत पहिल्यांदाच भिंगरीने जॅकेटचे खटके उघडले होते.

“बाबा, तू घाल. मग नाही बुडणार.”

दादा गुडघ्यांवर बसला. ते एवढंसं जॅकेट त्याच्या एका खांद्यावर कसंबसं अडकलं, आणि रडता रडता तो हसायला लागला. फॉर्मची घडी त्याने खिशात घातली.

दुपारी त्यांची गाडी वळणाआड गेली. हात हलवून हलवून तिचा खांदा दुखला. तिची बस संध्याकाळची होती. ती धक्क्यावर परत आली.

“एकच फेरी,” ती म्हणाली. “मला एकटीला.”

त्याने फळीखालून एक जॅकेट काढलं. खांद्याचे पट्टे वाढवून शिवलेले, बरोबर त्या स्वेटरच्या मापाचे.

“टाका वाकडा आहे,” ती म्हणाली. तिने त्यावरून बोट फिरवलं.

“तीन रात्री उसवतोय आणि शिवतोय. शिकवायला कुणी नाही.”

“दर रविवारी मला सुट्टी असते. माझ्या गावापासून तीन तासांचा रस्ता आहे.”

“मी येईन अर्ध्यापर्यंत.”

“अर्ध्यापर्यंत कशाला? पूर्ण ये. मला आवडतोस तू, तर आईची ती खिडकीही बघायला नको?”

त्याचे कान पुन्हा लाल झाले. मग घसा खाकरून म्हणाला, “उड्या... तपासायला हवं.”

तिने तीन उड्या मारल्या. त्याने खांद्यांवरचे पट्टे धरून वर ओढले. जॅकेट जागचं हललं नाही. तिच्या टाचा तेवढ्या उचलल्या गेल्या, चेहरा त्याच्या चेहऱ्याजवळ आला, आणि टाचा तिने खाली टेकवल्या नाहीत.