डाव्या पायाचा काळा दोरा

“डॉक्टर, काल तुम्ही पास केलेला घोडा आज लंगडतोय. लगेच या.”

एवढंच सांगून संयोगितानं फोन ठेवला. डॉ. स्नेहल इंगवले जागच्या जागी उभ्या राहिल्या. इतकी वर्षं जनावरं तपासूनही त्यांना पहिली शंका आली ती स्वतःचीच. आपलं काहीतरी पाहायचं राहिलं.

उचगावच्या पागेत पोचेपर्यंत त्या कालची सगळी तपासणी पुन्हा आठवत होत्या.

संयोगिताला ड्रेसाजसाठी घोडा हवा होता. स्वाराच्या नुसत्या बारीक इशाऱ्यावर घोड्यानं तालात पावलं टाकायची, असा तो खेळ. त्यासाठी व्यापारी कुतुबुद्दीनच्या पागेतला चार वर्षांचा सुरमा तिनं पसंत केला होता. अंग तांबूस, डावा पुढचा पाय मात्र गुडघ्याखाली पांढराशुभ्र. स्नेहलनी सांधे दुमडून पाहिले, खुरं चिमट्यानं दाबली, लांब दोरीवर दोन्ही बाजूंनी गोल फिरवला. मग संयोगिता स्वतः बसली. पाठ सैल, मान मोकळी, पावलं सारखी. कुठंही खोट नव्हती.

तिच्या वडिलांनी, उदयसिंहांनी, आपली वेगळी परीक्षा घेतली होती. त्यांच्या घरी पूर्वापार घोडी. आजही दारात एक म्हातारी पांढरी घोडी बांधलेली असे. मोठा मुलगा राजवीर मलकापूरच्या रस्त्यावर अपघातात गेल्यापासून ते कमी बोलत. पण घोडा दिसला की खुलत. अंगावरचे केसांचे भोवरे वाचण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. सुरमाच्या गळ्याखाली बोटं फिरवून ते काल ओरडलेच होते.

“देवमण हाय! शुभ भोवरा! संयू, नशीब काढलंस की!”

“आणि अशुभ भोवरे, आबा?” स्नेहलनी हसत विचारलं होतं.

“भोवऱ्याच्या असल्या खोडी मी मानत न्हाय, डॉक्टर. चांगलं तेवढं घ्यायचं.”

त्यानंतर घोड्याच्या तोंडावरचे चामडी पट्टे उतरवले. उदयसिंहांनी त्याचा गाल थोपटला, आणि का कोण जाणे, बोलणं अर्धवट टाकून ते घरी निघून गेले.

पागेत आज आवाज चढलेले होते.

“दुखणं मारायचं इंजेक्शन दिलंतं काल ह्यानं!” उदयसिंह म्हणत होते. “रात्रीत उतरलं. सरळ हाय की!”

“आबासाहेब, पोराबाळांची शपथ. सुई कशाला, मी त्याला साधं औषध पाजलं न्हाय.” कुतुबुद्दीनचा चेहरा उतरला होता.

संयोगिताच्या हातात मोबाईल होता. “व्हिडिओ काढलाय मी. जिल्ह्यातल्या सगळ्या स्वारांच्या ग्रुपवर टाकणार. डॉक्टरांनी बघेपर्यंत थांबलेय, एवढंच.”

“ताई, ते एकदा गेलं की मी संपलो,” कुतुबुद्दीन म्हणाला. “माझ्याकडनं शेळी पन कोण घेनार न्हाय.”

स्नेहलना कालच्या आपल्या शेऱ्याची लाज वाटत होती. ती लाज त्यांनी त्याच्यावरच काढली.

“चाचा, मला फसवलंत का? खरं काय ते सांगून टाका.”

कुतुबुद्दीननं सुरमाला दावणीवरून सोडून त्यांच्यासमोर उभा केला. 

स्नेहलनी सुरमाला चालवून पाहिलं. डावा पुढचा पाय टेकला की तो डोकं वर झटकत होता. खूर थंड. गुडघा ठीक. खुराच्या जरा वर मात्र बारीकशी सूज. तिथंच, पांढऱ्या केसांवर, एक काळा दोरा बांधलेला होता. सैलसा. सुरमा मान वळवून पुन्हा पुन्हा त्याच जागी तोंड नेत होता.

“हा दोरा काल नव्हता.”

“नजरंचा हाय. मी बांधला,” उदयसिंह म्हणाले. “घोडं ठरलं की घेणाऱ्यानं इकणाऱ्याच्या दारातच बांधायचा. रीत हाय आमची.”

“कधी बांधलात?”

“आज उजाडताना.”

“तेव्हा घोडा नीट चालत होता?”

“एकदम झक्कास,” कुतुबुद्दीन मध्येच बोलला. “मीच भायेर काढला. आबासाहेबांच्या हातात दिला अन्‌ च्या सांगाय आत गेलतो.”

“नंतर त्याला कोणी हात लावला?”

“कोन न्हाय. मग ताई आल्या, खोगीर घालाय घेतलं, तर ह्ये असं.”

“चाचा, सुरमा बघायला पुण्याचंही गिऱ्हाईक आज येणार होतं, असं काल म्हणाला होतात ना?”

“तेच की!” उदयसिंह उसळले. “तिकडनं जास्त मिळणार, म्हणून आमचा सौदा मोडाय ह्यानंच कायतरी केलं असणार.”

स्नेहल थांबल्या. त्यांनी उदयसिंहांकडे नीट पाहिलं.

“आबा, दोरा सोडून बघू?”

“नको! आज सोडायचा न्हाय त्यो.”

त्या उठून घोड्याच्या तोंडाशी गेल्या. आज पट्टे नव्हते. डाव्या डोळ्याखाली, काल पट्टा होता नेमकं तिथं, केस उलटे वळून छोटा भोवरा झाला होता.

“याला काय म्हणतात, आबा?”

उदयसिंहांनी तोंड फिरवलं.

“आसूढाळ,” शेवटी कुतुबुद्दीननं सांगितलं. “डोळ्यातनं पानी गळल्यागत भवरा. असं घोडं आलं की घरात रडनं येतं, असं जुनी मानसं म्हनायची. मी लपवलं न्हाय, डॉक्टर. आता कोन इचारतच न्हाय.”

स्नेहल पुन्हा खाली बसल्या. काळ्या दोऱ्याखाली त्यांनी नख केसांच्या उलट दिशेनं फिरवलं. ते कशाला तरी अडलं. त्यांनी बॅगेतली कात्री काढली, अलगद चालवली, आणि चिमट्यात धरून एक गोष्ट उजेडात आणली. पीळ दिलेले, पायाभोवती घट्ट आवळलेले पांढरे केस. घोड्याच्या शेपटीचे.

सुरमानं पाय आपटला आणि मोठा श्वास सोडला.

“इंजेक्शन कोणी दिलं नव्हतं,” स्नेहल म्हणाल्या. “दुखणं दाबलेलं असतं, तर आज सांध्यात किंवा खुरात ऊब लागली असती. ती नाही. चाचांनी सौदा मोडायला केलं म्हणावं, तर लंगडा घोडा पुण्याच्या माणसानंही घेतला नसता. आबा, काल विकण्यासाठी औषध दिलं आणि आज विकू नये म्हणून लंगडा केला, असे दोन आरोप तुम्ही एकाच माणसावर केलेत. दोन्ही एकदम खरे कसे असतील?”

त्यांनी केसांचा तो पीळ आबांपुढे धरला.

“पांढऱ्या पायावर पांढरा केस दिसत नाही. वर काळा दोरा असला की नजर त्याच्यावरच जाते, आणि नजरेच्या दोऱ्याला कोणी हात लावत नाही. सकाळी घोडा तुमच्याच हातात होता. या पागेत पांढरं घोडं नाही.” त्यांचा आवाज खाली आला. “तुमच्या दारात आहे.”

“आबा?” संयोगिता म्हणाली.

 उदयसिंह मुलीकडे न बघता बोलले.

“काल पट्टा निघाला आन्‌ मला ते दिसलं. झोप न्हाय लागली. राजवीर गेला, आता तू त्या पाठीवर बसणार... मानत न्हाय म्हणून गावभर सांगतोय मी. डॉक्टरांसमोर, तुझ्यासमोर आता भ्यालो म्हणून कसं सांगू? दोन दिस लंगडल, सौदा मोडल, मग केस काढू असं वाटलं.”

“नुसतं नको म्हणाला असता तर मी ऐकलं असतं, आबा.”

“हसली असतीस तू.”

“हसले असते. आणि ऐकलं असतं.” तिनं मोबाईलमधला व्हिडिओ पुसला. पुसताना तिला कुतुबुद्दीनकडे बघवेना. “चाचा, मी... मी टाकणारच होते.”

“मीही तुम्हालाच विचारलं, फसवलंत का म्हणून,” स्नेहल म्हणाल्या. “तपासायच्या आधीच.”

कुतुबुद्दीन सुरमाच्या पायाशी बसून आवळलेली जागा अंगठ्यानं हळूहळू चोळत होता. त्यानं मान वर केली नाही.

“म्हणशील त्या किमतीला घेतो मी घोडं,” उदयसिंह घोगऱ्या आवाजात म्हणाले. “कुतुबुद्दीन, ऐकतोयस न्हवं?”

“आज न्हाय. कुनालाच न्हाय. पाय बरा हुंदे आदी.”

तो उठला. बादली भरून आणली. दावणीपाशी उदयसिंह वाटेतच उभे होते.

“पावणं, जरा बाजूला व्हा,” कुतुबुद्दीन म्हणाला. “घोड्याला पानी पाजायचं हाय.”

इतक्या वर्षांत त्यानं त्यांना आबासाहेब सोडून दुसरी हाक मारली नव्हती. उदयसिंह बाजूला झाले.